तिसऱ्या घंटेनंतरचं सुनीत

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार. बेलवली. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. निमित्त: कंपनीच्या सांस्कृतिक कमिटीचा सेक्रेटरी म्हणून माझी बिनविरोध निवड. दुसऱ्या कुणी नावच दिलं नाही. लोकांना आपली पायरी कळते, बरं वाटलं.

जानेवारीत अंबरनाथला कारखान्यांची नाट्यस्पर्धा. आमच्यातर्फे सुदामचं नाटक. सुदाम म्हणजे प्रेस शॉपमधला टेम्पररी. सहा वर्षं टेम्पररी. दर सात महिन्यांनी ब्रेक देतात, मग पुन्हा घेतात. मीटिंगमध्ये राजाध्यक्ष साहेब (वर्क्स मॅनेजर) बोलून गेले की पहिल्या नंबरची ढाल माझ्या केबिनमध्ये आणा, सुदामला परमनंट करतो. नाहीतर २८ फेब्रुवारीला सगळ्या टेम्पररींना नारळ, त्यात तोही. टाळ्या पडल्या. सुदामने टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांचा शब्द खरा का, असं मला दोनदा विचारलं. म्हटलं, मी सेक्रेटरी आहे ना, तू निश्चिंत राहा.

संकल्प: पाचला उठणे. चहा एकच. ढाल आणणे.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार. कंपनीला सुट्टी. दुपार
नाटकाचं बाड वाचलं. म्हणजे अर्धं वाचलं. पुढे अक्षर बारीक झालंय. नायक धोंडू. प्रेसमध्ये उजवा हात जातो. कंपनी म्हणते, चूक माझीच होती असं लिहून दे, वॉचमनची नोकरी देतो. सही करायची की नाही, यावर सगळं नाटक. सुदामच्या बापाचीच हकीकत आहे म्हणे. त्याचं नावही धोंडिबा. दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात हात गेला.

विषय बरा. पण सुरुवात! पडदा उघडतो आणि बाई स्टो पेटवतेय. ना नांदी, ना नमन. याला काय नाटक म्हणायचं?

माळ्यावर कुमुदिनीची बी.ए.ची वही सापडली. तिला मराठीत फर्स्ट क्लास होता. लग्नानंतर त्याचं काही झालं नाही, व्हायचं कारणही नव्हतं. वहीत ‘सुनीत’ असं शीर्षक. चौदा ओळी. आठ आणि सहा. आठांत विषय चढवायचा, नवव्या ओळीला कलाटणी, शेवटच्या दोन ओळींत गाठ मारायची. खाली टीप: विलायतेत जुन्या नाटकाच्या आरंभी सुनीत म्हणत. सगळी गोष्ट आधीच सांगून टाकायची. मग काय होणार ही उत्सुकता संपते आणि कसं होणार ते प्रेक्षक बघत बसतो.

अंगावर काटा आला. सुदामच्या नाटकाला हेच हवंय. वही घेतली. तिला विचारण्याचा प्रश्न नव्हता. वही तिची असली तरी माळा माझा आहे.

२० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.३५ (पाचला उठणे उद्यापासून)
सुनीत मला संपूर्ण समजलं. सव्वा तास लागला. लोक यावर पीएचड्या का करतात कळत नाही.

कुमुदिनीने भाजी निवडता निवडता विचारलं, वही कशाला काढलीत. सांगितलं. तर म्हणाली, आरंभीचं सुनीत म्हणजे नाटकाने प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो. त्यात सांगाल ते पुढे नाटकात घडलं पाहिजे. आणि दीड मिनिटात म्हणून बाजूला व्हायचं, कवीने तिथे रेंगाळायचं नाही. मी म्हटलं, भाजी जळेल. ती म्हणाली, अजून निवडतेच आहे.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार
आठ ओळी तयार. वृत्त शार्दूलविक्रीडित. टेबलावर बोटं आपटून मोजता मोजता वार्निश गेला.

२ डिसेंबर, शुक्रवार
सुदामच्या घरी जाऊन आलो, उल्हासनगर कॅम्प पाचच्या मागे. गल्लीच्या तोंडाशी विहार, आत दोन खोल्या. त्याची बायको तुळशी, म्हातारा, दोन पोरं. मी मोकळ्या मनाने गेलो. जातपात आपण मानत नाही. तिथे पाणी प्यालो नाही ते केवळ डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद केलंय म्हणून. चहालाही नको म्हटलं, चहात पाणी असतंच. येताना नाक्यावर उसाचा रस घेतला, फार उकडत होतं.

म्हाताऱ्याला सांगितलं, बाबा, तुमच्या दुःखावर मी सुनीत करतोय. तो म्हणाला, करा की साहेब. त्याला सुनीत म्हणजे एखादा अर्ज वाटला असावा. कारण पुढे विचारलं, त्यानं पोरगं परमनंट होईल ना? म्हटलं, होणारच.

नाक्यावरच्या सिंधी दुकानातून निवेदनासाठी जांभळा सिल्कचा झब्बा घेतला. शेठ म्हणाला, साईं, स्टेज पे आग लग जायेगी. कापडाची पारख आहे त्याला.

९ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळ
सुनीत पूर्ण. शेवटच्या दोन ओळी इथे उतरवून ठेवतो, पुढेमागे लागतील:

तो धोंडू निजला रुळावर अता, गाडी वरूनी सरे;
आईचे रडणे, घरात टिपणे, काही न मागे उरे.

सरे, उरे! हे यमक सुचलं तेव्हा मी आंघोळ करत होतो. तसाच बाहेर आलो. कुमुदिनीने विचारलं, घरात टिपणे म्हणजे काय? कसली टिपणं? म्हटलं, डोळे टिपणे. ती म्हणाली, मग डोळे कुठे आहेत? मी म्हटलं, वृत्तात बसले नाहीत.

१३ डिसेंबर, मंगळवार
सुदामला सुनीत ऐकवलं. माझ्या ताब्यातल्या स्टोअर्समध्ये, दार लावून. तो कपाळाला हात लावून बसला. मला वाटलं भारावला. मग म्हणाला, साहेब, धोंडू मरत नाही.

मी हसलो. विचारलं, मग काय करतो?

तर म्हणे, तो सही करत नाही. घरी येतो. बायको रोजच्यासारखी भरवायला घास उचलते, तो तिच्या हातातून ताट ओढून घेतो आणि डाव्या हाताने स्वतः जेवतो. सांडतो, डाळ शर्टवर पडते, मग दोघंही हसत सुटतात. पडदा.

आता याला काय म्हणावं! हात गेलेल्या माणसाचं नाटक, आणि शेवट जेवणावर? तेही डाव्या हाताने? समोर सभ्य लोक बसलेले असतात, त्यांना किळस येईल. त्याला समजावलं, बाबा रे, नायक मेला नाही तर ट्रॅजेडी होत नाही. तो म्हणाला, पण साहेब, माझा बाप जिवंत आहे.

भावनेच्या आहारी जाणारे लोक. म्हटलं, ठीक, नाटक तुझं तसंच ठेव, मी हात लावत नाही. माझ्या सुनीतालाही कुणी हात लावायचा नाही. त्याने विचारलं, दोन शेवट कसे चालतील? यमक जुळलंय ते मोडायला मी वेडा नाही, इतकंच बोललो. गडी मान खाली घालून गेला. फेब्रुवारी त्याच्याही डोळ्यांपुढे आहे, समजूतदार आहे.

२० डिसेंबर, मंगळवार
कॅन्टीनमध्ये तालीम. बायकोचं काम टायपिस्ट शालन करते, बरं करते. धोंडू स्वतः सुदाम. सहाला सुरू होते, पण मला ६.४०ची बदलापूर लोकल गाठायची असल्याने शेवटचा प्रवेश अजून पाहिला नाही. पाहण्यासारखं त्यात काही नाही, जेवतात.

३१ डिसेंबर, शनिवार
स्पर्धेचे नियम सायक्लोस्टाइल होऊन आले. चार पानं. कुमुदिनी म्हणाली, वाचा. म्हटलं, नियम स्पर्धकांना असतात, सेक्रेटरीला नसतात. फाइलला लावले.

१ जानेवारी १९८९, रविवार
संकल्प: पाचला उठणे. कमी बोलणे.

६ जानेवारी, शुक्रवार
एक त्रुटी लक्षात आली. कामगार प्रेक्षकाला सुनीत म्हणजे काय हेच माहीत नसणार. ऐकतील आणि गाणं समजून शिट्ट्या मारतील. म्हणून आधी छोटं प्रास्ताविक करायचं: उगम, अष्टक, षटक, कलाटणी, थोडं माझ्याविषयी. मग सुनीत, चालीवर. मग एकदा साधं वाचून, अर्थासाठी.

शेवटी एक ओळ जोडली, राजाध्यक्ष साहेबांना नमन म्हणून. सुदामच्या भल्यासाठीच. कुमुदिनीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, पंधरा झाल्या. मोजत बसणं हे कारकुनी काम, कवी मोजत नाही, असं सुनावलं. नंतर आठवलं, पंचवीस नोव्हेंबरला मी वार्निश घालवला होता. पण ते वेगळं.

१२ जानेवारी, गुरुवार
सुदाम पुन्हा आला. हातात नियमांचा कागद, शालनकडून मिळवलेला. तिसऱ्या घंटेपासून बरोब्बर पंचेचाळीस मिनिटं. मग लाल दिवा लागतो आणि पडदा पाडतात, कुणाचं ऐकत नाहीत. नाटक त्रेचाळीस मिनिटांचं आहे. म्हणाला, साहेब, तुमची कविता दोन मिनिटांत होईल ना? चेहरा असा केला होता की जसं काही मी त्याच्या ताटातलं मागतोय.

मी स्पष्ट सांगितलं. नांदी ही पूजा असते. पूजेचा वेळ कुणी मोजतं का? घंटा, नारळ, नांदी, हे सगळं नाटकाच्या आधीचं. तो म्हणाला, कागदावर तसं लिहिलेलं नाही. कागदावर सगळंच लिहिलेलं नसतं, म्हटलं. मग हात जोडले त्याने. अक्षरशः हात जोडले. साहेब, माझी रोजी आहे यात.

मला वाईट वाटलं. कलेत रोजी आणतात तिथेच घोडं पेंड खातं. त्याला म्हटलं, फार नाही, चार मिनिटं घेईन.

२० जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९.००
आज दुपारी तीनला आपला नंबर. झब्बा इस्त्री झाला. घसा साफ. कुमुदिनी येतेय. तिने एवढंच सांगितलं, एकदा म्हणा आणि आत जा. यश समोर दिसायला लागलं की बायका घाबरतात.

२० जानेवारी, रात्री ८.०० (सविस्तर, कारण ऐतिहासिक)
हॉल फुल. पहिल्या रांगेत तीन परीक्षक, मधले मराठीचे प्राध्यापक. दुसऱ्या रांगेत राजाध्यक्ष साहेब. त्यांच्या मागे म्हातारा धोंडिबा, धुतलेलं धोतर, डोक्याला नवी टोपी, शेजारी तुळशी आणि पोरं.

तिसरी घंटा. मी पडद्यापुढे. प्रास्ताविक रंगलं. एक-दोन खोकले आले, ते दाद म्हणून. अष्टक समजावताना प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. माझ्या आठ-सहाच्या हिशोबावर नजर ठेवून असावेत. पडद्याच्या फटीतून सुदाम दिसत होता. एकसारखा हात हलवत होता. उत्तेजन देत असावा असं तेव्हा वाटलं. मग चालीवर म्हटलं. मग अर्थासाठी वाचलं. ‘तो धोंडू निजला रुळावर’ या ओळीला म्हातारा एकदम उभा राहिला आणि तुळशीने धोतर धरून त्याला खाली बसवलं. काय ताकद असते शब्दांत!

झब्ब्याचा रंग घामाने मानेला लागला. लांबून शोभून दिसतो म्हणे.

शालनने मोजलं होतं. मला तेरा मिनिटं लागली. अभिजात गोष्टींना वेळ लागतो.

नाटक चांगलं चाललं होतं. सही नाकारण्याचा प्रवेश मी प्रथमच नीट पाहिला. हॉलमध्ये एकही खोकला आला नाही. धोंडू घरी आला. बायकोने ताट वाढलं. लाल दिवा. सुदामने ताटाकडे डावा हात नेला आणि पडदा पडला. पडद्याआडून ताट सांडल्याचा आवाज आला. वाटी बराच वेळ गोल गोल फिरत राहिली.

पण काही बिघडलं नाही. शेवट प्रेक्षकांना माझ्या सुनीतामुळे ठाऊकच होता. सुनीत नसतं तर काय झालं असतं, या विचाराने धस्स झालं. विंगेत जाऊन सुदामला हेच सांगितलं. तो जमिनीवरचा भात गोळा करत होता. वर पाहिलं नाही. दमला असेल.

घरी येताना कुमुदिनी बायकांच्या डब्यात जाऊन बसली.

२४ जानेवारी, मंगळवार
निकाल. आम्ही नववे. नऊ कारखाने होते.

परीक्षकांचा शेरा मिळाला: अभिनय आणि लेखन पहिल्या प्रतीचं, परंतु वेळेअभावी अखेरचा प्रवेश सादर झाला नाही. प्रारंभीच्या निवेदनानुसार नायक आत्महत्या करतो. कष्टकऱ्याच्या लढ्याचा असा पराभूत शेवट खेदजनक. तसेच सुनीत म्हणून सादर केलेल्या रचनेच्या ओळी पंधरा भरल्या.

म्हणजे प्राध्यापक पूर्ण वेळ लक्ष देऊन मोजत होते. ही साधी गोष्ट नाही.

शालनने कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावरून आपला डबा उचलला.

१४ फेब्रुवारी, मंगळवार
राजाध्यक्ष साहेबांचा मेमो. नाटक का पडलं याचा सेक्रेटरीने एका पानात रिपोर्ट द्यावा. सुदामचं काय करायचं ते त्यावरून ठरवू. म्हणजे साहेबांचं मन अजून उघडं आहे.

घरी सांगितलं आणि चूक केली. कुमुदिनी म्हणाली, तेरा मिनिटं माझी होती आणि रुळावर मी झोपवलं, एवढं लिहा. दोन ओळींचं काम आहे. तुमची नोकरी यात जात नाही, तुम्हाला फार तर हसतील. त्याची मात्र राहील. म्हटलं, लिहीन. ती म्हणाली, माझ्या गळ्याची शपथ घ्या. घेतली.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
लिहायला बसलो. सुचेना. मग लक्षात आलं, मोठ्या भावनेला घाट लागतो. सुनीताचाच घाट घेतला, गद्यात.

पहिली आठ वाक्यं झरझर आली. नियम मी वाचले नव्हते. सुदामने मला दोनदा सावध केलं होतं. शेवट त्याचा निराळा होता आणि तो मला ठाऊक होता. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. इतकं खरं मी कधी लिहिलं नव्हतं.

पण नववं वाक्य. तिथे कलाटणी हवीच, नाहीतर ते सुनीत कसलं. ‘तथापि’ असा शब्द टाकला आणि हात आपोआप चालायला लागला. तथापि लेखकाने नाटक आटोपशीर लिहिणं अपेक्षित होतं. तथापि लेखकानेच कमिटीच्या सूचनेला वेळीच लेखी हरकत घेतली नाही. शेवटची दोन वाक्यं तर अशी घट्ट बसली की मीच चकित झालो: ‘सबब अपयशाची जबाबदारी लेखकावर येते. पुढील वर्षासाठी कमिटी कायम ठेवावी.’

एकूण बरोब्बर चौदा. या वेळी मोजली.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
रिपोर्ट दिला. साहेबांनी माझ्यासमोरच पाहिला. त्यांची पद्धत म्हणजे कुठलाही कागद शेवटून वाचायचा. शेवटच्या दोन ओळी वाचल्या, हं म्हणाले आणि सही केली. पहिल्या आठांपर्यंत ते गेलेच नाहीत. मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण फोन वाजला. फोन चालू असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही. बाहेर आलो. फोन लवकर संपला असं प्यून म्हणाला, पण तोवर मी स्टोअर्समध्ये पोचलो होतो.

मी माझ्याकडून सगळं लिहिलं आहे. वाचणारा वाचत नाही त्याला मी काय करणार?

२२ फेब्रुवारी, बुधवार
कुमुदिनीने बॅगेतली कार्बन कॉपी काढून वाचली. उभ्यानेच. दोनदा. कागदाची घडी घातली आणि म्हणाली, सुनीत तुम्हाला शेवटी कळलं हो.

लग्नाला पंधरा वर्षं झाली, पहिल्यांदा कौतुक केलं. मग बदलापूर गावात माहेरी जाते म्हणाली. किती दिवस ते विचारायचं राहिलं. वही घेऊन गेली.

२६ फेब्रुवारी, रविवार
पिठलं करपलं. माणसाला एकांत हवा तो हाच.

२८ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७.५०
टेम्पररींचा शेवटचा दिवस. स्टोअर्सच्या खिडकीवर रांग. गमबूट, एप्रन, हातमोजे परत घ्यायचे, कागदावर माझी सही, शिक्का, मग पगार. सुदाम शेवटी आला. सगळं धुऊन आणलं होतं. घरचं माणूस साक्षीदार लागतं म्हणून म्हाताऱ्याला सोबत घेऊन आला होता.

काहीतरी बोलायला हवं असं वाटलं. सुदामशी बोलणं जमेना, म्हणून म्हाताऱ्याला विचारलं, बाबा, त्या दिवशी आमची कविता ऐकलीत. कळली का?

तो म्हणाला, कळली की. मी मेलो.

समजावायला गेलो, अहो ते काव्यात असतं तसं. तो मान डोलवत राहिला. सुदामने कागद पुढे केला, बोट ठेवून जागा दाखवली. म्हाताऱ्याने डाव्या हातात पेन घेतलं. मग थांबला आणि खिडकीतून माझ्याकडे बघून विचारलं, साहेब, एवढ्या लोकांपुढं तुम्ही मला मेलेला सांगितलाय. मग माझी सही चालंल ना? पोराचा पगार अडायला नको.

तो चेष्टा करत नव्हता. मी त्याचा चेहरा नीट पाहिला. तो खरंच विचारत होता.

चालेल, म्हणालो. शिक्का मारला. दोनदा मारावा लागला, पहिला उमटला नाही. ते दोघं गेटकडे गेले. मी रजिस्टरमध्ये सुदामच्या नावापुढे ‘सर्व जमा’ लिहिलं आणि खिडकी बंद केली.

घरी आलो. कुमुदिनी आलेली नाही. आज काही सुचत नाही.